छोट्या शहराचं पाणी आणि सांडपाणी: रोजच्या रोज सांभाळायचं कसं

मे २००० मध्ये कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकर्टन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात सलग काही दिवस जोरदार पाऊस झाला. गावाला पाणी पुरवणाऱ्या पाच नंबरच्या उथळ विहिरीत जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू पावसाबरोबर उतरले. २,३०० च्या आसपास माणसं आजारी पडली, सात जण दगावले. विहिरीवर क्लोरीन सोडायचं यंत्र होतं. पाण्यात उरलेला क्लोरीन रोज मोजायचा, असा नियम होता. वहीत रोजचा आकडाही भरलेला होता, लिटरला ०.५ किंवा ०.७५ मिलिग्रॅम. चौकशीत निघालं ते असं, की बहुतेक दिवस तो आकडा मोजलेलाच नव्हता. बसल्या जागी लिहिलेला होता.

छोट्या शहराची पाणी यंत्रणा ज्याच्या हातात आली आहे, मग तो अभियंता असो, पंपचालक असो की नव्याने निवडून आलेला सदस्य, त्याच्यासाठी हा लेख आहे. उद्भवापासून, म्हणजे पाणी जिथून घेतो त्या विहिरी-नदीपासून, सुरुवात करून प्रक्रिया केलेलं सांडपाणी बाहेर पडतं तिथपर्यंत आपण क्रमाने जाऊ. प्रत्येक ठिकाणी काय बघायचं, काय मोजायचं आणि आकडा बिघडला तर काय करायचं, एवढंच सांगायचं आहे. महागडी यंत्रं नसलेल्या कितीतरी यंत्रणा नीट चालतात. खोटी नोंदवही असलेली यंत्रणा मात्र कधी ना कधी माणसं आजारी पाडते.

पहिला महिना: नकाशा आणि हिशेब

नवीन माणसाने पहिल्या महिन्यात कशालाही हात लावू नये, नुसतं फिरावं. बहुतेक छोट्या शहरांत वाहिन्यांचा खरा नकाशा कागदावर नसतो, एखाद्या जुन्या व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. तो निवृत्त होण्याआधी त्याच्याबरोबर प्रत्येक गल्लीत जा. प्रत्येक व्हॉल्व्हला क्रमांक द्या, जवळच्या दोन पक्क्या खुणांपासून त्याचं अंतर टेपने मोजा आणि लिहून ठेवा. मोबाइलवरचं ठिकाण नोंदवायला हरकत नाही, पण रस्ता उंच केल्यावर व्हॉल्व्ह डांबराखाली जातो, तेव्हा टेपचं मोजमापच कामाला येतं. व्हॉल्व्ह किती आट्यांत बंद होतो आणि कुठल्या दिशेने फिरतो, हेही लिहा. फुटलेली वाहिनी मध्यरात्री बंद करताना हीच ओळ उपयोगी पडते.

मग पाण्याचा ताळेबंद मांडा. वस्ती २०,००० आणि माणशी रोज १३५ लिटर धरले तर घरांपर्यंत २७ लाख लिटर पोचायला हवेत. वाटेत २० टक्के गळती असेल, तर टाकीतून जवळजवळ ३४ लाख लिटर सोडावे लागतील. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत निघतं, म्हणजे साडेएकवीस लाख लिटर. हे तीन आकडे एका कागदावर लिहून कार्यालयात समोर लावा. प्रत्यक्ष मोजलेले आकडे त्यांच्याशी जुळत नसतील, तर तो फरक कुठे जातो हे शोधणं हेच पुढचं वर्षभराचं काम आहे. सांडपाणी केंद्रावर फक्त दहा लाख लिटर येत असेल, तर उरलेलं सांडपाणी कुठल्या ओढ्यात जातं, हा प्रश्न त्याच कागदावरून उभा राहतो.

उद्भव

विहीर असो, बोअर असो की नदीवरची जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), आठवड्यातून एकदा उद्भवाभोवती पायी फेरी मारा. विहिरीचा कठडा जमिनीपेक्षा उंच आणि फटी नसलेला आहे का, पावसाचं पाणी विहिरीकडे येतं की विहिरीपासून दूर जातं, जवळ शौचालयाचा खड्डा, गोठा किंवा खताचा ढीग नव्याने झाला आहे का, हे बघायचं. बोअरची स्थिर पातळी आणि पंप चालू असतानाची पातळी दर महिन्याला मोजा. स्थिर पातळीच उतरत चालली असेल, तर भूजल खाली जात आहे; या दोन्हींतलं अंतर वाढत चाललं असेल, तर बहुधा बोअरची जाळी बुजत आहे. हे उन्हाळ्याच्या आधी कळलं तर काही करता येतं, उन्हाळ्यात कळलं तर टँकर लावण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

मोठ्या पावसानंतर उथळ विहिरीवर विश्वास ठेवू नका. पाऊस पडून गेला की त्याच दिवशी गढूळपणा आणि क्लोरीन जास्तीच्या वेळा तपासा.

पंपघर

पंपचालकाच्या वहीत दर तासाला व्होल्टेज, अँपिअर आणि प्रेशर गेजचं वाचन असावं, दिवसाच्या शेवटी वीज मीटर आणि पाणी मीटरचे आकडे असावेत. अँपिअर तेच आहेत पण दाब कमी झाला, तर इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजला असेल किंवा पुढे कुठेतरी वाहिनी फुटली असेल. दाब वाढला आणि पाणी कमी झालं, तर पुढचा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे किंवा वाहिनीत हवा अडकली आहे. ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथल्या बुचातून, थेंब थेंब पाणी गळत राहिलं पाहिजे. गळती नको म्हणून ग्लँड करकचून आवळला तर शाफ्ट तापून कापला जातो.

विजेचा हिशेब तर प्रत्येकाने करावाच. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला किमान २.७ वॉट-तास लागतात. १,००० घनमीटर पाणी एकूण ४० मीटर उचलायचं असेल, तर आदर्श पंपाला १०९ युनिट पुरतात. प्रत्यक्षात पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर १६८ युनिट लागतात. तुमचं मीटर २५० दाखवत असेल, तर आदर्श पंपाच्या १०९ शी ताडून बघता निम्म्याहून अधिक वीज वाया जाते आहे. छोट्या शहराच्या पाणी खात्यात विजेचं बिल हा बहुतेक वेळा सगळ्यात मोठा खर्च असतो. त्यामुळे जुना पंप बदलायचा प्रस्ताव या गणितासह मांडला तर तो नाकारणं कोणालाही जड जातं.

शुद्धीकरण: तुरटी, वाळू आणि क्लोरीन

नदी किंवा तलावाचं पाणी असेल तर तुरटीची मात्रा कधीच अंदाजाने ठरवू नका. जार टेस्टला एक तास लागतो. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा एक मिलिलिटर एक लिटर पाण्यात घातला की १० मिलिग्रॅमची मात्रा होते. कच्च्या पाण्याचे सहा एक-लिटरचे जार भरा, त्यांत अनुक्रमे १० ते ६० मिलिग्रॅम मात्रा घाला. एक मिनिट जोरात ढवळा, मग १५-२० मिनिटं अगदी सावकाश, आणि अर्धा तास स्थिर ठेवा. ज्या सर्वांत कमी मात्रेला पुंजके ठसठशीत होऊन खाली बसले आणि वरचं पाणी नितळ झालं, ती आजची मात्रा. ती ३० आली तर ३४ लाख लिटरला सुमारे १०२ किलो तुरटी लागेल. नदीला पूर येतो तेव्हा मात्रा काही तासांत बदलते, म्हणून त्या दिवसांत प्रत्येक पाळीत ही चाचणी करावी. तुरटी पाण्याची क्षारता (आम्ल पचवायची ताकद) खाते. क्षारता कमी असलेल्या पाण्यात पुंजके बनतच नाहीत, तेव्हा थोडा चुना द्यावा लागतो. नुसती तुरटी वाढवत राहिलात तर पाणी आणखी बिघडतं.

जलद वाळू गाळणीची पाळत दोन आकड्यांवर असते: वाळूच्या थरातला दाबाचा तोटा आणि गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा. तोटा दोन मीटरच्या जवळ गेला किंवा गढूळपणा एक एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) वर जाऊ लागला की उलटी, म्हणजे खालून वर, धुलाई करायची. आधी हवा, मग पाणी, धुलाईचं पाणी नितळ दिसेपर्यंत. धुतल्यानंतर पहिली १५-२० मिनिटं येणारं पाणी टाकीत घेऊ नका, ते बाहेर सोडा. ताज्या धुतलेल्या गाळणीतून सुरुवातीला कण निसटतात. पाणी वाया जाईल या भीतीने ही पायरी सर्रास गाळली जाते.

गाळणीकडे एवढं लक्ष का द्यायचं, हे अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ साली दिसलं. तिथे शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नळांत पोचला. सुमारे चार लाख लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. पाण्यात क्लोरीन होता, पण या परजीवीवर क्लोरीनचा जवळजवळ परिणामच होत नाही. त्याला अडवायचं तर गाळणीतच. गढूळ पाण्यात क्लोरीन घालून भागेल, असं कोणी म्हणालं तर त्याला ही गोष्ट सांगावी.

आता क्लोरीन. ब्लीचिंग पावडर, म्हणजे बोलीतली टीसीएल, ताजी असताना तिच्यात ३० ते ३५ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. ऊन, दमट हवा आणि उघडी गोणी यांनी तो भराभर उतरतो. ३४ लाख लिटरला लिटरमागे दोन मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, तर ६.८ किलो क्लोरीन हवा. पावडर २५ टक्क्यांची असेल तर २७ किलो लागते. तीच पावडर गोदामात पडून १५ टक्क्यांवर आली असेल आणि तुम्ही सवयीने २७ किलोच टाकत राहिलात, तर पाण्याला दोनऐवजी १.२ मिलिग्रॅम मिळतो. वहीत मात्र २७ किलो रोज लिहिलेले असतात आणि सगळं व्यवस्थित वाटतं. टाकलेले किलो लिहिणं पुरेसं नाही, नळावर उरलेला क्लोरीन मोजला पाहिजे, तो यासाठी.

पावडर थेट टाकीत ओतायची नाही. वेगळ्या ड्रममध्ये कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ द्रावण थेंबाथेंबाने किंवा डोसरने सोडायचं. गोण्या लाकडी फळ्यांवर, कोरड्या आणि हवेशीर खोलीत ठेवा, आधी आलेली आधी वापरा. त्याच खोलीत आम्ल किंवा तुरटी ठेवू नका, एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. वायूच्या टाक्या वापरत असाल तर लक्षात ठेवा, की क्लोरीन वायू हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो. म्हणून खोलीतली हवा बाहेर काढणारा पंखा जमिनीलगत असावा. गळतीची जागा अमोनियात भिजवलेला बोळा फिरवून शोधतात, गळतीपाशी पांढरा धूर उठतो. गळणाऱ्या टाकीवर पाणी मारू नका, त्याने छिद्र आणखी मोठं होतं.

मोजायचं कसं? पाण्याशी किमान अर्धा तास संपर्क झाल्यावर मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळा उरलेला) लिटरला ०.५ मिलिग्रॅम असावा, पीएच आठच्या खाली असावा. पीएच वाढला की क्लोरीनची जंतू मारण्याची ताकद झपाट्याने कमी होते. शेवटच्या नळावर किमान ०.२ मिलिग्रॅम मिळालाच पाहिजे. यासाठी डीपीडी या रसायनाची गोळी वापरा, ती मुक्त क्लोरीन वेगळा दाखवते आणि रंग गुलाबी येतो. पिवळा रंग देणारी जुनी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी अजून बऱ्याच ठिकाणी आहे, पण ती मुक्त आणि बांधलेला (इतर पदार्थांशी जोडला गेलेला) क्लोरीन एकत्र दाखवते आणि तिचं रसायनही आरोग्याला घातक आहे. शक्य तितक्या लवकर डीपीडीवर या.

वाचन घ्यायची जागा महत्त्वाची आहे. टाकीखालचा नळ सोयीचा असतो, म्हणून सगळे तिथेच मोजतात. मोजायचं ते वाहिनी जिथे संपते त्या टोकाच्या घरात. रोज वेगळ्या टोकाला जा, त्या घरातल्या माणसासमोर बाटली हलवा आणि आकडा वहीत लिहिताना त्याची सही घ्या. मला ही पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. बसल्या जागी आकडा भरायची सोयच तिच्यात राहत नाही, आणि रंग समोर बघितल्यावर लोकांचा पाण्यावर विश्वासही बसतो.

टाकी आणि वाहिन्या

उंच टाकी वर्षातून किमान दोनदा रिकामी करून धुवा आणि धुतल्याची तारीख टाकीवर ठळक रंगवा. झाकणाला कुलूप, हवेच्या नळीला बारीक जाळी, ओव्हरफ्लोच्या तोंडालाही जाळी. मेलेली कबुतरं आणि पाली टाकीत सापडतात त्या याच तीन तोंडांतून आलेल्या असतात.

पाणी दिवसातून एक-दोन तासच सुटत असेल, तर सगळ्यात मोठा धोका बंद असलेल्या वेळेत असतो. वाहिनीत दाब असतो तोवर छिद्रातून पाणी बाहेर पडतं. दाब संपला की तेच छिद्र बाहेरचं पाणी आत ओढतं, आणि वाहिनी गटारातून गेली असेल तर गटाराचं पाणी ओढतं. म्हणून गटार ओलांडणाऱ्या प्रत्येक नळजोडाची यादी करा आणि ते जोड गटाराच्या वरून, बाहेरून लोखंडी पाइप घालून न्या. नवीन वाहिनी टाकताना ती सांडपाण्याच्या वाहिनीपासून आडवी तीन मीटर दूर आणि जिथे ओलांडते तिथे तिच्या किमान अर्धा मीटर वर ठेवा. तपासणीचा नमुना पाणी सुटल्यावर पहिल्या पाच मिनिटांतही घ्या. दूषित पाणी आलं असेल तर ते तेव्हाच सापडतं, अर्ध्या तासाने घेतलेला नमुना चांगलाच येतो.

गळती शोधायला सुरुवातीला यंत्र लागत नाही. पाणी चोवीस तास असलेल्या भागात रात्री दोन ते चारच्या दरम्यान जवळजवळ कोणी पाणी वापरत नाही, तेव्हा जे वाहतं ते बहुतांश गळतीचं. टाकीत येणारं पाणी बंद करा आणि पातळी किती उतरते ते मोजा. १२ मीटर व्यासाच्या गोल टाकीत दहा सेंटिमीटर पातळी म्हणजे ११,३०० लिटर. तासाभरात पंधरा सेंटिमीटर उतरली, तर दर तासाला जवळपास १७,००० लिटर कुठेतरी मुरतं आहे. आता एकेका भागाचा व्हॉल्व्ह बंद करत जा. ज्याच्या बंद होण्याने उतार अचानक मंदावतो, त्या भागात चोर आहे. पुढचं काम लोखंडी कांबीचं: तिचं एक टोक व्हॉल्व्हवर किंवा वाहिनीवर टेकवायचं, दुसरं कानाला. गळतीचा सूं-सूं आवाज ऐकू येतो. हे कान तयार व्हायला काही महिने लागतात, पण एकदा झाले की तसा माणूस सोडू नका.

लहान गळतीकडे दुर्लक्ष करू नका. २० मीटर दाबाखाली पाच मिलिमीटरच्या एका छिद्रातून दिवसाला सुमारे २०,००० लिटर पाणी जातं. माणशी १३५ लिटरने ते दीडशे माणसांचं पाणी झालं.

दुरुस्तीच्या वेळी पाइपची तोंडं गोणपाटाने नाही, टोपणाने बंद करा. खड्ड्यातलं पाणी पाइपच्या खाली राहील इतकं उपसत राहा. नवीन वाहिनी जोडायच्या आधी जोरात धुवा, लिटरला २५ मिलिग्रॅम क्लोरीनच्या पाण्याने भरून चोवीस तास बंद ठेवा. शेवटी किमान १० मिलिग्रॅम उरलेला असला पाहिजे. मग ते पाणी सोडून, धुऊन, नमुना चांगला आल्यावरच जोडा.

भुयारी गटार

सांडपाण्याची वाहिनी उतारावर चालते. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की वाळू आणि मैला तळाशी बसतो आणि काही महिन्यांत वाहिनी तुंबते. तुंबलेली जागा शोधायची रीत साधी आहे: चेंबर एकेक करून उघडत जा. वरचं चेंबर भरलेलं आणि त्याच्या खालचं कोरडं, तर अडथळा त्या दोघांमध्ये. खालच्या चेंबरमधून वरच्या दिशेने जेटिंग करा (जोराच्या पाण्याचा फवारा सोडा), म्हणजे सुटलेला मैला वाहत खाली येतो आणि तिथेच काढता येतो. पुन्हा पुन्हा तुंबणारी ठिकाणं नकाशावर लाल करा. तिथे एकतर उतार बिघडलेला असतो किंवा खाणावळीचं तेल येत असतं. तेलासाठी त्या व्यवसायाच्या आवारातच सापळा बसवायला लावा.

पावसाळ्यात केंद्रावरचा प्रवाह कोरड्या दिवसाच्या दुप्पट-तिप्पट होत असेल, तर गच्चीची आणि अंगणाची पन्हाळी गटाराला जोडलेली आहेत. घरोघर जाऊन ती तोडावी लागतील. हे कटकटीचं काम आहे, पण ते न करता केंद्राची क्षमता वाढवणं म्हणजे पावसाचं पाणी शुद्ध करत बसणं.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण दशलक्षात शंभर भागांच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. आत उतरलेल्याला वाटतं हवा सुधारली, आणि तो काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उडी मारलेला दुसरा आणि तिसराही तिथेच राहतो. जेटिंग आणि सक्शन यंत्र स्वतःचं घेता येत नसेल तर शेजारच्या शहरांबरोबर भागीदारीत घ्या. पंप बदलण्यासारख्या अगदी अपरिहार्य कामासाठी उतरावंच लागलं, तर आधी प्रवाह बंद, ब्लोअरने हवा खेळती, चार वायूंच्या मीटरवर तपासणी (ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड दशलक्षात दहा भागांच्या खाली), अंगावर हार्नेस, वर तिपाई आणि चरखी, आणि बाहेर किमान दोन माणसं. यातलं एक जरी नसेल तर काम उद्यावर जाऊ द्या. गटार दोन दिवस तुंबलेलं राहिलं तरी चालेल.

प्रक्रिया केंद्र

जमीन भरपूर आणि वीज बेभरवशाची असेल, तर माझं मत स्थिरीकरण तळ्यांच्या बाजूने आहे. पहिलं तळं खोल, तीन-चार मीटरचं, त्यात हवेविना कुजणं होतं. दुसरं दीड मीटरच्या आसपास, त्यात शेवाळं दिवसा प्राणवायू देतं. शेवटची उथळ तळी उन्हाने जंतू मारतात. वीज लागत नाही, फिरणारा एकही भाग नाही. देखभाल म्हणजे काठाचं गवत कापणं, तरंगती साय काढणं आणि पहिलं तळं एक-तृतीयांश गाळाने भरलं की तो उपसणं. दुसऱ्या तळ्याचा रंग रोज बघा. हिरवा असेल तर तब्येत चांगली. राखाडी, काळा किंवा गुलाबी-जांभळा झाला तर त्यावर भार जास्त पडतो आहे.

जमीन कमी असेल तर सक्रिय गाळाची पद्धत किंवा तिचे नवे प्रकार येतात. ही पद्धत १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडली. सांडपाण्यात हवा सोडायची, जिवाणूंचे पुंजके वाढवायचे, ते बसवायचे आणि बसलेला गाळ परत टाकीत आणायचा, हे तिचं मर्म आजही तेच आहे. हवेच्या टाकीत विरघळलेला प्राणवायू दोन मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. टाकीचा रंग चॉकलेटी आणि वास पावसाने भिजलेल्या मातीसारखा असेल तर समजा जिवाणू खूश आहेत. काळा रंग आणि घाण वास म्हणजे हवा कमी. पांढरा, हलका फेस म्हणजे गाळ अजून कोवळा, दाट तपकिरी फेस म्हणजे तो म्हातारा झाला.

केंद्रचालकाने रोज सकाळी एक चाचणी करावीच. हवेच्या टाकीतलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घ्या आणि अर्धा तास हलवू नका. गाळ २०० ते ४०० मिलिलिटरवर बसला आणि वरचं पाणी स्वच्छ दिसलं, तर सगळं ठीक. तो ९०० वरच अडकला, तर तेच पाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या स्वच्छ पाण्याबरोबर निम्मं-निम्मं करून पुन्हा बसवून बघा. आता पटकन बसला तर गाळ फक्त जास्त झाला आहे, काढून टाका. तरीही तरंगत राहिला तर तंतुमय जिवाणू माजले आहेत. प्राणवायू, पोषण किंवा येणाऱ्या सांडपाण्यात काहीतरी बिघडलं आहे. बसलेला गाळ तासा-दोन तासांनी बुडबुड्यांसह वर आला, तर गाळ बसवायच्या टाकीत तो फार वेळ पडून राहतो आहे, परतीचा पंप वाढवा.

केंद्रं बंद पडतात ती बहुतेक वेळा गाळ न काढल्यामुळे. गाळ वाळवायचे वाफे भरलेले असतात, वाळलेला गाळ उचलायला कोणी नसतं, म्हणून चालक गाळ काढणं थांबवतो. टाकीत तो वाढत जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळा वाहून नदीत जातो. वाफे रिकामे ठेवणं हे केंद्राचं मुख्य काम समजा.

जिथे भुयारी गटार पोचलेलं नाही तिथे सेप्टिक टाक्या दर दोन-तीन वर्षांनी उपसण्याचं वेळापत्रक लावा. हा मैला साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी तीव्र असतो. त्याची जैविक प्राणवायूची मागणी (त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला ५,००० मिलिग्रॅम धरली, तर ५,००० लिटरचा एक टँकर म्हणजे सुमारे ५०० माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार. असे दोन टँकर एकदम ओतले तर लहान केंद्राचे जिवाणू मरतात. वेगळ्या टाकीत साठवून रात्री कमी प्रवाह असताना हळूहळू सोडा, किंवा त्याच्यासाठी वाळवण्याचे स्वतंत्र वाफे बांधा.

बाहेर पडणारं पाणी शेतीला द्यायचं असेल तर नुसत्या नितळपणावर जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात लिटरला आतड्यातल्या कृमीचं जास्तीत जास्त एक अंडं, अशी मर्यादा सुचवली आहे. तळ्यांच्या पद्धतीत पुरेसे दिवस पाणी थांबलं की ही अंडी तळाशी बसतात. सक्रिय गाळाच्या केंद्रांत मात्र गाळण लागते. ते पाणी कच्च्या खाण्याच्या भाजीला न देता चारा किंवा झाडांना द्या.

माणसं आणि पैसा

पाणीपट्टीतून किमान वीज, रसायनं, पगार आणि दुरुस्ती भागली पाहिजे, आणि त्याशिवाय दरमहा थोडी रक्कम पंप आणि मोटर बदलण्यासाठी वेगळ्या खात्यात पडली पाहिजे. प्रत्येक महत्त्वाच्या जागी एक राखीव पंप, एक राखीव मोटर, दुरुस्तीचे कॉलर (फुटलेल्या पाइपवर बसवायचे जोड) आणि निदान महिन्याभराची रसायनं हाताशी ठेवा. चालकाने खराब आकडा लिहिला म्हणून त्याला कधीही रागावू नका. रागावलात की दुसऱ्या दिवसापासून सगळे आकडे चांगलेच येतील.

पाणी बिघडलं असं वाटलं तर

जंतूंच्या तपासणीचा निकाल यायला किमान एक दिवस लागतो, म्हणून त्याची वाट बघू नका. टोकाच्या नळावर क्लोरीन शून्य आला, गढूळपणा अचानक वाढला किंवा एकाच गल्लीतून जुलाबाच्या तक्रारी आल्या, तर तेवढं पुरे. त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद करा, नमुना घ्या, क्लोरीन वाढवा आणि आरोग्य अधिकाऱ्याला त्याच तासाला कळवा. वॉकर्टनमध्ये प्रयोगशाळेचा वाईट निकाल हाती आल्यानंतरही आरोग्य विभागाला पाणी ठीक असल्याचं सांगितलं गेलं. पाणी उकळण्याची सूचना शेवटी आरोग्य विभागाने स्वतःहून काढली, २१ मे रोजी.

सूचना लोकांच्या भाषेत द्या: पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट उकळत ठेवा, पिणं, दात घासणं, बाळाचं दूध आणि बर्फ, सगळ्यासाठी तेच वापरा. लाउडस्पीकर, शाळा, दवाखाने, मोबाइलवरचे निरोप, सगळीकडून एकाच वेळी सांगा. मग वाहिन्यांची टोकं उघडून सगळं जाळं क्लोरीनच्या पाण्याने धुवा, कारण सापडून दुरुस्त करा. चोवीस तासांच्या अंतराने घेतलेल्या नमुन्यांच्या दोन सलग फेऱ्या स्वच्छ आल्या आणि प्रत्येक टोकाला क्लोरीन मिळाला, तरच सूचना मागे घ्या.